फाशी आणि कायदा (लेखांक ७) : वय मोजायचं कुठल्या तारखेला?

मागच्या आठवड्यात दयेच्या अर्जांविषयी लिहिताना एक प्रकरण मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्यानं राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज मागे घेतला आणि तो पुन्हा सुप्रीम कोर्टात गेला. गुन्हा घडला त्या दिवशी मी बारा वर्षांचा होतो, मला फाशी देताच येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

प्रकरण पुण्याचं. ऑगस्ट १९९४ मध्ये कोथरूडमधल्या एका घरात पाच स्त्रियांचा आणि दोन मुलांचा खून झाला. हेतू चोरीचा. त्या वेळी पुण्यात राहणाऱ्यांना हे हत्याकांड आजही आठवतं. कितीतरी घरांना सेफ्टी डोअर तेव्हा लागलं. तिघे पकडले गेले, त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना पुण्याच्या सत्र न्यायालयानं १९९८ मध्ये फाशी सुनावली. हायकोर्टानं ती कायम केली आणि सप्टेंबर २००० मध्ये सुप्रीम कोर्टानंही. तिन्ही पायऱ्यांवर हा आरोपी विशीतला तरुण म्हणूनच उभा राहिला. पुढे २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी दुसऱ्या आरोपीची फाशी रद्द करून त्याला जन्मठेप दिली. हा मात्र फाशीच्या कैद्यांत राहिला.

२०१८ मध्ये त्यानं वयाचा मुद्दा सुप्रीम कोर्टापुढे मांडला. कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या एका गावच्या सरकारी शाळेचं रजिस्टर पुढे आलं. त्यात जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. अडचण अशी, की रजिस्टरातलं नाव एक आणि खटल्यातलं नाव दुसरं. दोन्ही नावांचा माणूस एकच आहे हे आधी सिद्ध करावं लागलं. ते झालं, आणि २७ मार्च २०२३ रोजी तीन न्यायाधीशांच्या खंडपीठानं निकाल दिला : गुन्ह्याच्या दिवशी हा मुलगा साडेबारा वर्षांचा होता, तेव्हा फाशीचा हुकूम टिकत नाही. बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं. तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता. त्याचं नाव इथे देत नाही. कायद्यानं तो तेव्हा बालक होता आणि बालकाची ओळख उघड करायला कायद्याचीच मनाई आहे.

बारा वर्षांचं पोर असं काही करू शकेल का, ही शंका निकाल देताना कोर्टाच्या मनातही आली होती. वाचताना तुमच्याही मनात ती आली असेल. कोर्टानं तिला सरळ उत्तर दिलं : ही गोष्ट आम्हालाही हादरवते, पण असल्या तर्कावर आम्ही वयाचा निवाडा करणार नाही. मला हे उत्तर या निकालातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. कारण या लेखाचा विषय असलेला आंतरराष्ट्रीय नियम गुन्ह्याची भीषणता विचारातच घेत नाही. तो एकच प्रश्न विचारतो : त्या दिवशी वय काय होतं?

नियम दोन ओळींचा आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात (१९६६) सहाव्या कलमाच्या पाचव्या परिच्छेदात म्हटलंय, की अठरा वर्षांखालच्या व्यक्तीनं केलेल्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड द्यायचा नाही. बालहक्क कराराचं (१९८९) कलम ३७ तेच सांगतं आणि त्याला एक जोड देतं : सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही द्यायची नाही. भारत पहिल्या करारात १९७९ साली सामील झाला, दुसऱ्यात १९९२ साली. बालहक्क करार मान्य केलेल्या देशांची संख्या १९६ आहे. बाहेर राहिलेला देश एकच, अमेरिका. त्याहून जुना दाखला हवा असेल तर १९४९ चा चौथा जिनिव्हा करार आहे. युद्धात व्यापलेल्या प्रदेशातल्या नागरिकालासुद्धा, गुन्ह्याच्या वेळी तो अठराच्या आत असेल तर, व्यापणाऱ्या सत्तेनं फाशी द्यायची नाही, असं त्यात लिहिलंय.

एवढ्या देशांनी इतक्या निःसंदिग्धपणे मान्य केलेले नियम फार थोडे असतील. मग भांडण कुठे आहे? माझ्या मते ते बहुतेक सगळं तारखेत आहे. वय कुठल्या तारखेचं धरायचं, आणि ती तारीख आणायची कुठून.

‘गुन्ह्याच्या दिवशीचं वय’ हे आज उघड वाटतं, पण ते ठरायला वेळ लागला. इंग्लंडनं १९०८ मध्ये सोळाखालच्या मुलांची फाशी बंद केली, १९३३ मध्ये मर्यादा अठरावर नेली, पण तेव्हा पाहायचे ते शिक्षेच्या वेळचं वय. म्हणजे सतराव्या वर्षी गुन्हा केला आणि खटला रेंगाळला, तर मुलगा वाढून फाशीला लायक होणार. ही विसंगती १९४८ च्या कायद्यानं दुरुस्त केली. आपल्याकडे हा घोळ त्याहून पुष्कळ उशिरापर्यंत चालला. २००० साली सुप्रीम कोर्टानं एका बिहारच्या प्रकरणात म्हटलं, की आरोपीला कोर्टापुढे पहिल्यांदा आणलं त्या दिवशीचं वय धरावं. या हिशेबानं फरारी राहिलेला मुलगा पळता पळता सज्ञान झाला असता, आणि पोलिसांनी अटकेला उशीर केला तरी तसंच! फेब्रुवारी २००५ मध्ये ‘प्रताप सिंह विरुद्ध झारखंड’ या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं हे मोडून काढलं आणि गुन्ह्याची तारीख कायम केली.

याच मोजपट्टीनं एक गोष्ट सहज तपासून पाहिली. खुदीराम बोसचं नाव या विषयात हमखास निघतं, आणि मराठी वाचकाला तर ते टिळकांमुळे जवळचं. मुझफ्फरपूरच्या बॉम्बवर ‘केसरी’त लिहिलेल्या अग्रलेखांपायीच टिळक मंडालेला गेले. खुदीरामचा जन्म ३ डिसेंबर १८८९ चा, बॉम्ब फेकला ३० एप्रिल १९०८ ला. वय अठरा वर्षं आणि पाच महिन्यांना तीनेक दिवस कमी. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमाचं संरक्षण त्याला मिळालं नसतं. कोवळ्या वयाविषयी आपल्याला काय वाटतं याच्याशी नियमाला घेणंदेणं नसतं. त्याची रेघ अठराव्या वाढदिवसाला ओढलेली आहे आणि ती दोन्ही बाजूंनी कापते.

ही रेघ मान्य करायला सगळ्यात जास्त आढेवेढे घेतले ते अमेरिकेनं. जून १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सोळा-सतरा वर्षांच्या गुन्हेगारांना फाशी देणं घटनेत बसतं असा निकाल दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क करार संमत केला. १९९२ मध्ये अमेरिकेनं नागरी हक्कांच्या करारावर शिक्कामोर्तब केलं खरं, पण एक अट घालून : गर्भवती स्त्री सोडून कोणालाही, अठराखालच्यांनाही, फाशी देण्याचा आमचा अधिकार आम्ही राखून ठेवतो. आंतरराष्ट्रीय करारांत अशा राखीव अटी घालण्याची मुभा असते, मात्र कराराच्या गाभ्यालाच हात लावणारी अट चालत नाही. युरोपातल्या अकरा देशांनी हरकत घेतली, आणि करारावर देखरेख ठेवणाऱ्या मानवाधिकार समितीनं १९९५ मध्ये ही अट कराराशी विसंगत ठरवली. अमेरिका हलली नाही.

पुढचा टप्पा २००२ चा. नेवाडा राज्यात सोळाव्या वर्षी केलेल्या खुनांसाठी फाशी झालेल्या एका कैद्याचं प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगापुढे गेलं. आयोगानं करारांच्याही पलीकडची भूमिका घेतली. गुलामगिरी किंवा वंशसंहार यांवरची बंदी कुठल्याही देशाला अट घालून, करार नाकारून किंवा करारातून बाहेर पडून चुकवता येत नाही. अठराखालच्या गुन्हेगाराच्या फाशीवरची बंदी आता त्याच पंगतीत जाऊन बसली आहे, असं आयोगाचं मत पडलं.

तीन वर्षांनी अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय स्वतःच फिरलं. १ मार्च २००५ चा ‘रोपर विरुद्ध सिमन्स’ हा निकाल. आपल्या घटनापीठाचा निकाल त्याआधी जेमतेम महिनाभराचा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण योगायोग नोंदवावासा वाटतो. मिसुरी राज्यातल्या या मुलानं १९९३ मध्ये, सतराव्या वर्षी, एका बाईला घरातून उचलून नेऊन, हातपाय बांधून पुलावरून नदीत ढकललं होतं. सगळं आधी ठरवून. आणि साथीदारांना त्यानं सांगितलं होतं, की आपण अल्पवयीन आहोत, आपल्याला काही होणार नाही. फाशीविरोधकांना याहून गैरसोयीचा आरोपी मिळणं कठीण. तरी याच खटल्यात न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी बंदी घातली. किशोरवयीन मुलाची समज कच्ची असते, तो सोबत्यांच्या दबावाला पटकन बळी पडतो, त्याचा स्वभाव अजून घडत असतो. तेव्हा ‘सर्वांत निर्ढावलेल्या’ गुन्हेगारांत त्याची गणना खात्रीनं करता येत नाही, असं न्या. केनेडी यांनी लिहिलं. हेच केनेडी १९८९ च्या निकालात उलट बाजूला होते.

निकालात त्यांनी जगाचाही हिशेब मांडला. १९९० पासून अमेरिकेखेरीज सातच देशांनी अशा गुन्हेगारांना फाशी दिली : इराण, पाकिस्तान, सौदी अरेबिया, येमेन, नायजेरिया, काँगो आणि चीन. यांपैकी प्रत्येकानं नंतर ही शिक्षा रद्द केली किंवा जाहीरपणे झटकून टाकली. शिक्षेच्या समर्थनात उरलो ते आपण एकटे, असं न्यायालयाला कबूल करावं लागलं. न्या. स्कॅलिया यांनी विरोधी निकालपत्रात यावर कडाडून टीका केली. परक्या देशांच्या मतांवर अमेरिकेची घटना का वाचायची, हा त्यांचा सवाल. सवाल अगदीच गैर नाही. पण इथे परक्यांच्या मतानं निकाल फिरला नव्हता. केनेडींनी ते आपल्या निष्कर्षाला दुजोरा म्हणूनच घेतलं होतं. निकालाच्या दिवशी फाशीच्या कोठड्यांत असे सत्तरवर कैदी होते.

त्या सात देशांच्या यादीतला इराण मात्र थांबला नाही. त्यानं दोन्ही करार केलेले आहेत. बालहक्क करार १९९४ मध्ये, पण इस्लामी कायद्याशी न जुळणारं काही बंधनकारक नाही, अशा मोघम अटीसह. तिथल्या दंडसंहितेत फौजदारी जबाबदारीचं वय मुलींसाठी नऊ आणि मुलांसाठी पंधरा चांद्रवर्षं आहे. चांद्रवर्ष आपल्या वर्षाहून अकराएक दिवसांनी लहान, म्हणजे मुलगी पावणेनऊची झाली की कायद्याच्या लेखी मोठी. २०१३ च्या संहितेत कलम ९१ आलं. आरोपीला गुन्ह्याचं स्वरूप कळत नव्हतं किंवा त्याच्या बौद्धिक वाढीबद्दल शंका असेल तर फाशी टाळावी, असं ते सांगतं. सुधारणा म्हणून तिचं कौतुक झालं. पण पाच-सात वर्षांपूर्वी सतरा वर्षांच्या असलेल्या माणसाची तेव्हाची समज आज कुठला डॉक्टर तपासून सांगणार? रेघ सोडून आकलनावर बोट ठेवलं की काय होतं याचा हा नमुना.

देलारा दाराबी या चित्रकार मुलीचं प्रकरण त्याआधीचं. २००३ मध्ये नात्यातल्या एका बाईच्या खुनाचा आरोप, वय सतरा. तिनं आधी कबुली दिली, मग ती फिरवली आणि सांगितलं, की प्रियकराला वाचवायला मी गुन्हा अंगावर घेतला. एप्रिल २००९ मध्ये तिथल्या न्यायव्यवस्थेच्या प्रमुखांनी फाशी दोन महिने पुढे ढकलली. ती मुदत संपायच्या कितीतरी आधी, १ मे रोजी रश्तच्या तुरुंगात तिला फासावर दिलं गेलं. वकिलाला ४८ तास आधी कळवण्याचा तिथला कायदा असताना कळवलं गेलं नाही. घरच्यांना कळलं ते सकाळी आलेल्या तिच्याच फोनवरून. इराण सरकारचा अशा प्रकरणांतला नेहमीचा युक्तिवाद असा, की खुनाच्या गुन्ह्यात सूड घ्यायचा की रक्ताची भरपाई घेऊन माफ करायचं हा हक्क मृताच्या कुटुंबाचा आहे, शासन फक्त अंमल करतं. आंतरराष्ट्रीय कायदा हे ऐकून घेत नाही. करारावर सही सरकारची आहे, कुटुंबाची नाही.

सौदी अरेबियानं २०२० मध्ये अशी फाशी थांबवत असल्याचं जाहीर केलं, पण ते न्यायाधीशाच्या मर्जीवर शिक्षा ठरणाऱ्या गुन्ह्यांपुरतंच. जून २०२१ मध्ये अल्पवयात केलेल्या गुन्ह्यांच्या आरोपावरून फाशी दिल्याचं एक प्रकरण जगभर गाजलं.

पाकिस्तानची तऱ्हा आपल्याला जास्त शिकवणारी आहे, कारण तिथला कायदा आणि तिथली दप्तरं आपल्यासारखीच. २००० सालीच त्यांनी अध्यादेश काढून अठराखालच्यांची फाशी रद्द केली. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या शाळेवर हल्ला झाला आणि कित्येक वर्षं थांबवलेल्या फाशी पुन्हा सुरू झाल्या. तेव्हा शफकत हुसेन या कैद्याच्या वकिलांनी सांगितलं, की २००४ च्या गुन्ह्याच्या वेळी तो चौदा वर्षांचा होता. फाशी अनेकदा पुढे ढकलली गेली. केंद्रीय तपास यंत्रणेनं चौकशी करून त्याचं वय तेव्हा तेवीस होतं असा निष्कर्ष काढला. जन्मदाखला होता, पण मागाहून काढलेला, म्हणून तो मानला गेला नाही. ४ ऑगस्ट २०१५ रोजी कराचीत त्याला फाशी झाली. चौदा खरं की तेवीस, हे ठरवणारा कागद जन्माच्या वेळी झालाच नव्हता. निम्म्याहून जास्त मुलांची जन्मनोंद न होणाऱ्या देशात, नियम कितीही पक्का असला, तरी तो उभा कशावर राहणार?

हे वाचून आपण फार खूश होऊ नये. आपल्या घरातल्या जुन्या माणसांचे दाखले काढून पाहा. १ जून या तारखेला महाराष्ट्रात जितके लोक जन्मले तितके दुसऱ्या कुठल्याच तारखेला जन्मले नसतील! पोराला शाळेत घालताना गुरुजींनी चेहरा बघून वर्ष ठरवलं आणि शाळा सुरू होण्याच्या आसपासची तारीख टाकली. पहिलीत बसावं म्हणून कुणाचं वय वाढवलं, नोकरीला पुढे उपयोग होईल म्हणून कुणाचं कमी केलं. आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नं वयाच्या पुराव्यांचा जो क्रम लावलाय त्यात पहिला मान या शाळेच्याच दाखल्याचा आहे. तो नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. जन्मदाखल्याच्या आधी शाळा का, हे मला कधी पटलेलं नाही. पण सरकारी जन्मनोंद ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांच्याकडे निदान शाळेचा कागद असतो, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

हाडांची तपासणी म्हणजे मनगट, कोपर, कॉलरबोन यांच्या एक्स-रेवरून वाढीचा अंदाज. त्यात दोन वर्षांची चूक इकडे किंवा तिकडे होऊ शकते, असं आपलं सुप्रीम कोर्ट १९८२ पासून सांगत आलंय. ‘सतरा ते एकोणीस’ असा अहवाल आला की रेघ नेमकी मधून जाते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं २०१९ च्या आपल्या मार्गदर्शनात यावर सरळ तोडगा सांगितला : पुरावा पक्का नसेल तर संशयाचा फायदा आरोपीला, आणि मृत्युदंड तर नाहीच.

आपल्या कायद्याची एक बाजू खरोखर भक्कम आहे. २००६ च्या दुरुस्तीपासून अल्पवयाचा मुद्दा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, खटला अंतिमतः निकाली निघाल्यावरसुद्धा काढता येतो. पुण्याच्या कैद्याला दार उघडं सापडलं ते यामुळेच. मुद्दा काढला की तो मान्य होतोच असं नाही. २०१२ च्या दिल्ली बलात्कार प्रकरणात फाशी झालेल्या चौघांपैकी एकानं शेवटच्या दिवसांत शाळेचा दाखला पुढे केला होता. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फेटाळला. त्याच प्रकरणातला सतरा वर्षांचा मुलगा मात्र शाळेच्या नोंदीवरून अल्पवयीन ठरला आणि तीन वर्षांनी सुटला. देश खवळला. वयोमर्यादा खाली आणा, अशी मागणी उठली. न्या. वर्मा समितीनं ती नाकारली. २०१५ च्या नव्या कायद्यानं अघोर गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालवायची सोय केली, पण फाशी आणि सुटकेविना जन्मठेप यांना कलम २१ मध्ये बंदीच ठेवली. इतक्या संतापात काढलेल्या कायद्यातही ही ओळ टिकली, त्यामागे १९९२ ची ती सही होती असं मला वाटतं.

राहता राहिलं ते खालच्या पायरीचं काम. डेहराडूनच्या १९९४ च्या एका तिहेरी खुनाच्या खटल्यात आरोपी पहिल्यापासून आपण अल्पवयीन असल्याचं सांगत होता. खालच्या कोर्टानं म्हटलं, याच्या नावावर बँकेत खातं आहे, म्हणजे हा सज्ञान. फाशी झाली, पुढे राष्ट्रपतींनी ती जन्मठेपेत बदलली, अर्ज फेटाळले जात राहिले. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो तेव्हा चौदा वर्षांचा होता हे मान्य करून त्याला सोडलं, तेव्हा त्याची तुरुंगातली सुमारे पंचवीस वर्षं होऊन गेली होती. पुण्याचं आणि डेहराडूनचं, ही दोन्ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात दुरुस्त झाली. चुकली होती ती अटकेच्या फॉर्मवर, जिथे पोलीस ठाण्यातला हवालदार आजही ‘वय अंदाजे २० वर्षे’ असं लिहून पुढच्या रकान्याकडे वळतो, आणि पहिल्या रिमांडला समोर बसलेले दंडाधिकारी तो आकडा वाचून पुढे सरकतात. संशय आल्यास तिथल्या तिथे चौकशी करायचं बंधन कायद्याच्या कलम ९ नं त्यांच्यावर घातलेलं आहे.

कलम ३७ चा दुसरा अर्धा भाग, सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप, पुढच्या लेखांकात.